छोट्या ऑफिससाठी प्लॉटर घेताना: शीट मोजू नका, फेऱ्या मोजा

सांगलीच्या विश्रामबागेत बांधकामाचे नकाशे करणारं माझं तीन माणसांचं ऑफिस आहे. मी, एक ड्राफ्ट्समन आणि दुपारनंतर येणारा एक मुलगा. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून बाहेर पडून सांगलीत नाहीतर मिरजेत स्वतःचं टेबल टाकणाऱ्या पोरांचे मला अधूनमधून फोन येतात, "सर, प्लॉटर कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, "महिन्यातनं झेरॉक्सवाल्याकडं किती वेळा जातोस?" बहुतेकांना सांगता येत नाही. मॉडेलचे नंबर मात्र तोंडपाठ असतात. हा लेख अशांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपण ज्याला प्लॉटर म्हणतो तो खरं तर रोलवर छापणारा मोठा इंकजेट प्रिंटर आहे. जुन्या प्लॉटरमध्ये खरोखरचं पेन असायचं, ते कागदावर रेघ ओढत फिरायचं. पेन गेलं, नाव राहिलं. त्यामुळं घरच्या इंकजेटची दुखणी, म्हणजे हेड (शाई फवारणारा भाग) सुकणं, शाई महाग असणं, पडून राहिला की बिघडणं, ही सगळी यालाही आहेत, फक्त मोठ्या मापात.

पायरी १: तीन महिने वही घाला

शंभर पानी साधी वही घ्या. बाहेरून काढलेल्या प्रत्येक प्रिंटची एक ओळ. तारीख, कुठलं काम, साईझ, रंगीत की काळी, किती प्रती, फेरी कोणी मारली. आणि शेवटचा रकाना: परत जावं लागलं असेल तर का?

हा शेवटचा रकाना वाचला की डोळे उघडतात. माझ्या वहीत एका जूनमध्ये १४ फेऱ्या होत्या, त्यातल्या ५ परतीच्या. दोनदा टायटल ब्लॉकमधला, म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतला, गट नंबर चुकला होता, तो दोष आमचाच. एकदा लाईट गेली. आणि दोनदा दुकानातल्या पोरानं पीडीएफ उघडून सवयीनं 'फिट टू पेज' दाबलं होतं.

हे शेवटचं प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. फिट टू पेज केलं की नकाशा कागदाच्या छापता येणाऱ्या भागात बसवण्यासाठी थोडा आक्रसतो. तीन टक्के आक्रसला तर बघून कळत नाही. पण १:१०० वर ३ मीटरचं अंतर कागदावर ३० मिलिमीटर यायला हवं, ते २९.१ येतं. मिस्त्री पट्टी लावतो आणि २.९१ मीटर धरतो. आमच्या एका साईटवर आखणीत दोन कॉलम असे सरकले होते. "मापं लिहिलेली वाचायची, पट्टी लावायची नाही," हे आपण शंभरदा सांगतो. मिस्त्री तरी पट्टी लावतोच. स्वतःच्या ऑफिसात प्रिंट काढण्याचा निम्मा फायदा इथं आहे. स्केल आपल्या हातात राहतं.

पायरी २: हिशोब मांडा

आता आकडेमोड. खालचे भाव रीत दाखवण्यापुरते धरलेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

समजा बाहेर ए-१ ची (साधारण दोन फूट बाय पावणेतीन फूट) एक प्रिंट ४० रुपयांना पडते. स्वतःच्या मशीनवर कागद, शाई आणि देखभाल धरून १५ रुपये. म्हणजे शीटमागे २५ वाचले. मशीन ९०,००० चं, पाच वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला १,५०० रुपये झाले. १,५०० भागिले २५, म्हणजे महिन्याला ६० शीट निघाल्या तर मशीन फिटतं. सुरुवातीच्या ऑफिसात ६० शीट निघत नाहीत. इथं बरेच जण निराश होऊन वही मिटतात.

पण थांबा. महिन्यात १२ फेऱ्या होतात, एका फेरीला जाऊन येऊन, रांगेत उभं राहून तास जातो. माणसाचा तास आणि पेट्रोल मिळून ७५ रुपये धरा. ९०० रुपये झाले. आता मशीननं भरून काढायचे उरले ६०० रुपये, म्हणजे २४ शीट. चित्र एकदम पालटलं. म्हणून मी म्हणतो, फेऱ्या मोजा. महिन्याला ४० शीट पण दोनच फेऱ्यांत काढणाऱ्या माणसाला घाई नाही. २५ शीट पण पंधरा फेऱ्या, त्यानं मशीन घ्यावं.

आणि फेऱ्याही कमी, शीटही कमी असतील तर घेऊ नका. पडून राहणारा प्लॉटर शीटमागे चालणाऱ्यापेक्षा जास्त शाई खातो. हेड मोकळं ठेवण्यासाठी तो अधूनमधून स्वतःच शाई ढकलतो आणि ती शाई कागदावर नाही, वाया गेलेल्या शाईच्या डब्यात जाते.

मशीनवर जीएसटी भरावा लागतो. तुमची नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. बिल ऑफिसच्या नावानं, जीएसटी नंबर घालूनच घ्या. बाकी सीएला विचारा.

पायरी ३: चोवीस इंची की छत्तीस?

यावर लोक उगाच झुरतात. ए-१ ची मापं ५९४ बाय ८४१ मिलिमीटर, ए-० ची ८४१ बाय ११८९. चोवीस इंची रोल ६१० मिलिमीटरचा, म्हणजे ए-१ उभी बसते. छत्तीस इंची ९१४ चा, त्यात ए-० बसते. वही उघडा आणि ए-० किती वेळा काढली ते बघा. बंगले, रो-हाऊस, तीन-चार मजली अपार्टमेंट करणाऱ्या ऑफिसात ए-० क्वचित निघते. वर्षात दहा-बारा ए-० लागत असतील तर त्या बाहेरून आणा.

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाइपलाइनची कामं करणारे मित्र म्हणतात, "आम्हाला लांब एल-सेक्शन (लांबीच्या दिशेनं घेतलेले छेद) लागतात, मोठं मशीन हवं." लांबी रोलच्या दिशेनं जाते. दोन-अडीच मीटर लांबीचा सेक्शन चोवीस इंचीवरही निघतो, फक्त ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये) कस्टम साईझ घालता आली पाहिजे आणि मशीननं मधेच मेमरी संपली म्हणून थांबायला नको. हे डेमोत करून बघायचं. ले-आउटवाले आणि गावाचे मोठे नकाशे हाताळणारे मात्र छत्तीसकडंच जातील, आणि बरोबर आहे.

छत्तीस घेतल्यानं कागद वाया जातो हा गैरसमज आहे. त्यावर ए-१ आडवी फिरवली की रोलची ५९४ मिलिमीटरच लांबी लागते. ४५ मीटरच्या रोलमध्ये चोवीस इंचीवर ५३ शीट निघतात, छत्तीसवर ७५. रोल महाग, शीटही जास्त, हिशोब जवळपास तिथंच येतो. खरा फरक मशीनच्या किमतीत आणि जागेत. चोवीस इंची साधारण सव्वातीन फूट रुंद असतं, छत्तीस सव्वाचार फुटांच्या पुढं. छोट्या गाळ्यात हा एक फूट म्हणजे एक खुर्ची.

चोवीस इंचीत आपल्याकडं नेहमी समोर येणारी नावं म्हणजे एचपी डिझाइनजेट टी२३० आणि टी२५०, एप्सन शुअरकलर टी३१३०, कॅनन टीसी-२० आणि टीएम-२००. छत्तीसमध्ये एचपी टी६५०, एप्सन टी५१३०, कॅनन टीएम-३००. मॉडेलचे नंबर बदलत राहतात, त्यामुळं नंबर पाठ करू नका. पुढच्या पायऱ्यांतले प्रश्न पाठ करा.

पायरी ४: शाई, आणि ती पावसात काय करते

जुलैचा महिना, कुपवाडची साईट, फुटिंगचं काम. रिमझिम चालू होती. मिस्त्रीनं घडी घातलेली प्रिंट खिशातनं काढली, ओल्या हातानंच उलगडली आणि माझ्यापुढं धरली. "सायेब, ही लाल रेघ कुठनं कुठं हाय?" रेघ नव्हतीच. तिथं गुलाबी डाग होता, अंगठ्याएवढा, आणि त्यात एक्सटेन्शनची भिंत वाहून गेलेली. काळ्या रेघा आणि काळी मापं मात्र जशीच्या तशी. तोवर मला शाई म्हणजे शाई एवढंच कळायचं.

शाया दोन जातीच्या. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. कागदात मुरतो, दिसतो छान, पाणी लागलं की पुन्हा पसरतो. पिगमेंट म्हणजे बारीक कणांचा रंग. तो कागदावर बसतो, वाळला की पाण्याला दाद देत नाही, उन्हातही लवकर उडत नाही. काही मशीनमध्ये सगळेच रंग पिगमेंट असतात. एप्सन आणि कॅननच्या वर सांगितलेल्या मॉडेलमध्ये तसंच आहे. एचपीच्या टी२३०, टी२५०, टी६५० मध्ये काळी पिगमेंट आणि तीन रंग डाय. यात कुणी चांगलं-वाईट नाही. ऑफिसात बसून ग्राहकाला रंगीत एलिव्हेशन दाखवायचं असेल तर डायनं बिघडत नाही. प्रिंट साईटवर जाणार असेल तर बिघडतं. डायचं मशीन असेल तर साईटची प्रिंट सरळ मोनोक्रोममध्ये, म्हणजे नुसत्या काळ्यात, काढायची, लाल-निळ्याच्या जागी जाड-बारीक आणि तुटक रेघा वापरायच्या.

"मग रंग हवाच कशाला?" असं कुणी विचारेल. मंजुरीच्या नकाशांसाठी. राज्यात २०२० च्या डिसेंबरात आलेल्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, नकाशाचे रंग ठरलेले आहेत. प्रस्तावित काम लाल, पाडायचं बांधकाम पिवळ्या हॅचनं (तिरक्या रेघांनी), सध्याचा रस्ता हिरवा. मंजुरी ऑनलाइन झाली तरी मालक, बँक, सोसायटी आणि साईट यांना कागद लागतोच.

शाईची किंमत विचारताना कार्ट्रिजची विचारू नका, मिलिलिटरची काढा. एचपीच्या त्या मॉडेलांत रंगीत कार्ट्रिज २९ मिलिलिटरचं, काळं ३८ नाहीतर ८० चं. टीसी-२० मध्ये बाटलीनं शाई ओततात. प्रत्येकाची किंमत भागिले मिलिलिटर करा आणि कागदावर शेजारी शेजारी लिहा. स्वस्त मशीनची महाग शाई तिथं दिसते. नव्या मशीनसोबत आलेली शाई बहुधा पूर्ण भरलेली नसते आणि त्यातली बरीचशी पहिल्यांदा नळ्या आणि हेड भरण्यात जाते. त्यामुळं पहिला सेट लवकर संपला म्हणून घाबरू नका, पण मशीनसोबतच एक काळी जास्तीची मागून घ्या.

लोकल रिफिल? घेणारे घेतात. हेड गेल्यावर वॉरंटीचा विषय निघतो तेव्हा ते गप्प असतात.

पायरी ५: सोमवारी सकाळी कोण येणार?

मशीन बंद पडतं ते सबमिशनच्या आदल्या दिवशी. नेहमीच. म्हणून दुकानदाराला हे विचारा: सर्व्हिस इंजिनिअर सांगलीत राहतो, कोल्हापूरहून येतो की पुण्याहून? कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर, त्याच दिवशी माणूस येऊ शकतो. पुण्याहून यायचा असेल तर दोन दिवस गेले असं धरा. वॉरंटी ऑनसाइट आहे का? हेड वॉरंटीत आहे का, आणि ते आपल्याला बदलता येतं की इंजिनिअरच लागतो? वाया गेलेल्या शाईचा डबा आपण बदलायचा का, त्याची किंमत काय?

तोंडी उत्तरावर जाऊ नका, कोटेशनवर लिहून घ्या. आणि त्याच दुकानदाराकडनं तेच मॉडेल घेतलेल्या दोन ऑफिसांचे नंबर मागा. सांगली-मिरजेत आपल्या धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात, खरं सांगतात. माझं मत असं आहे की दोन मशीन उन्नीस-बीस असतील तर ज्याचा इंजिनिअर जवळ, ते घ्यावं. उन्नीस-बीसच्या पुढं फरक असला तरी मी कदाचित हेच करेन.

पायरी ६: डेमोला स्वतःची फाईल न्या

दुकानात दाखवतात तो फुलांचा नाहीतर जगाच्या नकाशाचा नमुना असतो. तो सगळ्याच मशीनवर सुरेख येतो. तुम्ही पेन ड्राइव्हमध्ये एक ए-१ शीट न्या आणि तिच्यात मुद्दाम अडचणी घालून ठेवा.

एका कोपऱ्यात ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५ आणि ०.५ मिलिमीटरच्या रेघा शेजारी शेजारी. पहिल्या दोन वेगळ्या दिसतात का बघा. ४५ अंशातल्या आणि थोड्या तिरक्या रेघा, त्यांना पायऱ्या पडतात का? दाट हॅच, ज्यात पाणी-ड्रेनेजची सर्व्हिस लाईन बुडते की दिसते? स्लॅबच्या आरसीसी डिटेलमधली सगळ्यात बारीक अक्षरं. मराठी मजकूर, "प्रस्तावित दुमजली निवासी इमारत" असा जोडाक्षरांचा. मराठी मोडलं तर दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो, फॉन्टचा असतो, म्हणून फाईल आधीच ऑफिसात पीडीएफ करून तपासून न्या.

आणि शीटच्या दोन्ही दिशांना बरोब्बर ५०० मिलिमीटरची एकेक रेघ. प्रिंट निघाली की खिशातनं स्टीलची पट्टी काढा आणि दोन्ही रेघा मोजा. कंपन्या रेघेची अचूकता साधारण ०.१ टक्का सांगतात, म्हणजे ५०० ला अर्धा मिलिमीटर. आडवी बरोबर आणि उभी कमी-जास्त आली तर कागद पुढं सरकण्याचं कॅलिब्रेशन (माप जुळवणं) राहिलंय. ते तिथंच करून दाखवायला सांगा. दाखवता आलं नाही तर तुम्हाला शिकवणारही कोणी नाही.

मग पाच मिनिटं थांबा, बोट ओलं करा आणि लाल रेघेवरून फिरवा. दुकानदार बघत राहील, राहू दे.

वेगाचं फार मनावर घेऊ नका. ए-१ अर्ध्या मिनिटात असं पत्रकावर लिहिलेलं असतं, ते साध्या कागदावर सगळ्यात हलक्या मोडमध्ये. तुम्ही नॉर्मल मोडमध्ये काढणार. दोन मिनिटं लागली तर लागली, दिवसाला पाच शीट काढणाऱ्याला काय फरक पडतो.

स्कॅनर असलेलं मशीनही दाखवतील. जुनी ट्रेसिंग रोज स्कॅन करायची असतील तरच त्याकडं बघा. महिन्यातनं एखादा नकाशा असेल तर मोठ्या झेरॉक्सच्या दुकानात जा, तेवढी फेरी परवडते.

जुनं मशीन घ्यायचा मोह

मी घेतलं होतं. एक ऑफिस बंद होत होतं, बेचाळीस इंची मशीन निम्म्याहून कमी किमतीत मिळालं, टेम्पोत घालून आणलं आणि आठवडाभर सगळ्यांना कौतुकानं दाखवलं. मे महिन्यात आम्ही बारा दिवस गावी गेलो. जाताना सवयीनं मेन स्विच बंद केला. परत आलो तर हेड कोरडं ठणठणीत. नवं हेड शोधायला तीन आठवडे. ते बसवलं तर आतला पट्टा रबर कडक होऊन तुटायला आलेला. शेवटी नवा लॅपटॉप घेतला आणि त्याच्या विंडोजला त्या मशीनचा ड्रायव्हरच मिळेना. भंगारवाल्यानं वजनावर नेलं.

तरीही जुनंच घ्यायचं असेल तर तीन गोष्टी आधी बघा: त्याची शाई आज बाजारात नवी मिळते का, तुमच्या विंडोजचा ड्रायव्हर आहे का, आणि एकूण किती मीटर छापलंय याची प्रिंट मशीनच्या मेनूतून निघते का. तीनपैकी एकही "नाही" आलं तर परत फिरा.

पायरी ७: जागा आणि वीज

सांगलीत पहिला प्रश्न: कुठल्या मजल्यावर? मारुती चौक, गावभाग, खणभाग या बाजूला तळमजल्यावर ऑफिस असेल तर २००५, २०१९ आणि २०२१ आठवा. २०१९ च्या ऑगस्टात लोकांनी कॉम्प्युटर उचलून माळ्यावर नेले. प्लॉटर दोन माणसांशिवाय उचलत नाही आणि स्टँडसकट जिन्यात वळत नाही. तळमजला असेल तर चोवीस इंचीच घ्या, स्टँडचे स्क्रू काढायचा पाना मशीनलाच बांधून ठेवा आणि विम्यात पूर धरलाय का ते वाचा.

वीज फार लागत नाही, छापताना ते एखाद्या बल्बएवढीच खातं. अडचण येते ती मधेच लाईट गेल्यावर. अर्धी शीट वाया जाते आणि हेड उघडं राहतं. छोटा यूपीएस लावा. घरगुती इन्व्हर्टरवर लावायचं असेल तर तो साइन वेव्हचा आहे याची खात्री करा. अर्थिंग तपासून घ्या. आणि रात्री बटण बंद करू नका. स्टँडबायवर राहिलं की मशीन हेड झाकून ठेवतं आणि स्वतःची निगा स्वतः राखतं. माझ्या बारा दिवसांच्या सुट्टीची गोष्ट वर वाचलीच आहे.

कागद पावसाळ्यात ओल धरतो, रुंदीला किंचित फुगतो, कडा वर येतात आणि हेडला घासतात. उघडा रोल मशीनवर आठवडाभर ठेवू नका, काढून मूळ प्लास्टिकमध्ये घाला. रोल घेताना कोअरचं, म्हणजे मधल्या पुठ्ठ्याच्या नळीचं, भोक दोन इंची की तीन इंची ते मशीनशी जुळवून बघा. मी एकदा स्वस्तातले चार रोल आणले, चारही तीन इंची कोअरचे निघाले. दुकानदारानं परत घेतले, पण आधी हसून घेतलं. रोजच्या कामाला ८० जीएसएम (कागदाची जाडी सांगणारं वजन) पुरतो.

मशीन आल्यावर पहिला आठवडा

प्लॉटर लॅनच्या वायरनं जोडा, वायफायवर मोठी फाईल अर्ध्यात लटकते. ऑटोकॅडमध्ये तुमच्या ऑफिसची सीटीबी फाईल (कुठली रेघ किती जाड छापायची ते ठरवणारी) एकदाच ठरवा आणि तिन्ही कॉम्प्युटरवर तीच ठेवा, नाहीतर माझी भिंत जाड आणि ड्राफ्ट्समनची बारीक असं होतं. प्रत्येक शीट आधी पीडीएफ, ती स्क्रीनवर बघायची, मगच छापायची, आणि स्केल नेहमी 'अ‍ॅक्चुअल साईझ'.

दर सोमवारी सकाळी एक नोझल चेक (शाईची छिद्रं मोकळी आहेत का ते दाखवणारी प्रिंट) काढा, काम असो वा नसो. वितभर कागद जातो. रेघ तुटक आली तर एकदाच क्लीनिंग द्या, थोडा वेळ थांबा, पुन्हा चेक काढा. लागोपाठ पाच क्लीनिंग देणाऱ्या माणसाला मी ओळखतो, त्याची निम्मी शाई तिथंच गेली.

आणि वही बंद करू नका. आता रकाने बदला: रोल कधी लावला, शाई कधी बदलली, इंजिनिअर कधी आला, काय म्हणाला. आमचा मुलगा रोल लावला की झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख लिहितो. मागच्या रोलची तारीख १९ जून होती, संपला ७ ऑगस्टला.